सकाळी आठचा नमुना

घाडीगावकर, उत्तम शांताराम. वय एक्कावन्न.
नमुना घेतला : सकाळी आठ वाजून पाच.
कॉर्टिसॉल दोन पूर्णांक एक.
यंत्राने आकड्याला चांदणी लावली
आणि पुढची नळी उचलली.

यंत्राचं बरं असतं.
सही माझी असते.

भायखळ्याच्या या दुसऱ्या मजल्यावर एकोणीस वर्षं
मी माणसं अशीच वाचते, खालून वर :
आधी तळटीप, मग आकडा, नाव सगळ्यात शेवटी.
मागच्याच आठवड्यात वोराबाईंचं थायरॉइड
कागदावर घोड्यासारखं उधळलं होतं
आणि बाई समोर बसून शांतपणे शेंगा सोलत होत्या.
केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळ्या
चाचणीच्याच डोळ्यांत धूळ फेकत होत्या.
तीन दिवस गोळी बंद, घोडा तबेल्यात.

तेव्हापासून जरा चढलेच होते मी.

म्हणून घाडीगावकरांना स्वतः फोन लावला.
काम काय करता?
"चावीवाला. पालिकेचा. रात्रपाळी.
परळ ते शिवडी पाणी सोडतो."
झोपता कधी?
"तुम्ही सुई टोचलीत ना, तेव्हाच."

सापडलं, म्हटलं.
ज्याची रात्र आपल्या सकाळी सुरू होते
त्याच्या रक्ताला आठ वाजता भरती कशी येईल?
कागदावर छापलेली मर्यादा दिवसा जागणाऱ्यांची.
संध्याकाळी या, उठल्या उठल्या, चहाच्या आधी.
फोन ठेवून मी स्वतःला एक बिस्कीट दिलं.

संध्याकाळचा आकडा : एक पूर्णांक आठ.
वरून सुटणारा हुकूम, एसीटीएच, तोही जवळजवळ नाहीच.

मग मी काचेपलीकडे पाहिलं. पहिल्यांदाच.
तो अजून बाकावर होता.
गाल पुरीसारखे टम्म, लालसर;
हात मात्र वाळक्या शेवग्याच्या शेंगा,
मनगटावर जांभळे डाग,
कुठे लागलं ते त्याला आठवत नव्हतं.
आकड्यात दुष्काळ आणि तोंडावर पूर.

औषध घेता काही?
"औषध नाही हो. जडीबुटी.
चावी फिरवून गुडघे जातात. मशीद बंदरला एक जण बसतो.
तीन वर्षं झाली. एका पुडीत माणूस उभा राहतो."
खिशातून काढून दिली.
वर्तमानपत्राचा तुकडा, आत राखाडी भुकटी.
तिच्यात काय मिसळलं असावं याचा मला अंदाज आला,
यंत्राला आला नव्हता.
त्याच्या लेखी ते कॉर्टिसॉलच नव्हे.

मी सांगायला घेतलं : मेंदूखाली एक ग्रंथी,
मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या दोन,
ती यांना हुकूम देते, आणि रक्तात पुरेसं दिसलं की...

"कळलं," तो म्हणाला.
"रोज बाहेरचा टँकर येतोय म्हटल्यावर
आमची लाइन कोण उघडणार?
तीन वर्षं बंद व्हॉल्व्ह. गंजणारच."

पदवीला एवढा जाड ग्रंथ होता आम्हाला.

"मग आजपासून पुडी बंद." तो उठलाच.
नाही! मी ओरडले. एकदम नाही.
तो थांबला.
दोन्ही हात पुढे धरून
एक न दिसणारी लांब चावी त्याने
पाव आट्याने फिरवली, आणि थांबला,
आणि पुन्हा पाव.
"असं?"
असं. डॉक्टर सांगतील तेवढंच.
"नाहीतर पाइप फुटतो."

शेऱ्याच्या चौकटीत फार अक्षरं मावत नाहीत.
लिहिलं : बाहेरून स्टिरॉइड जात असल्याची दाट शक्यता.
अंतःस्रावतज्ज्ञांना आजच दाखवावे.
पुडी आपल्या मनाने थांबवू नये.
टँकरला जागा उरली नाही.

सही करून कागद त्याच्या हातात दिला,
म्हटलं, कामावर नाही, थेट केईएमला जायचं.
त्याने घड्याळ पाहिलं. साडेआठ.
घडी घालून कागद पुडीच्याच खिशात ठेवला.
"जातो," म्हणाला,
"पण दहाला शिवडीचं पाणी कोण सोडणार?"